साम्राज्य गेलं, व्हेटो राहिला: फ्रान्सच्या परराष्ट्र धोरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला अजूनही बड्या राष्ट्रांच्या पंगतीत बसवतात, ते कशाच्या जोरावर?

लोकसंख्या पावणेसात-सात कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी जास्त. अर्थव्यवस्था जगात पहिल्या दहात, पण अमेरिका-चीनच्या जवळपासही नाही. तरी वजन आहे, ते मुख्यतः चार गोष्टींमुळे.

पहिली, सुरक्षा परिषदेतली कायमची जागा. फ्रान्सने व्हेटो शेवटचा वापरला तो १९८९ मध्ये, पनामाच्या प्रकरणात, अमेरिका आणि ब्रिटनच्या बरोबरीने. पण न वापरलेल्या व्हेटोचीही किंमत असते. २००३ मध्ये इराक युद्धाआधी फ्रान्सने तो वापरण्याचा नुसता इशारा दिला आणि अमेरिका-ब्रिटनने दुसरा ठराव मतदानाला न टाकताच गुंडाळला. युद्ध मात्र झालंच, हेही विसरू नये.

दुसरी, स्वतःची अण्वस्त्रं. २०२५ पर्यंतच्या अंदाजांनुसार सुमारे २९० अस्त्रं, चार अणुपाणबुड्या (त्यातली किमान एक सतत समुद्रात गस्तीवर) आणि राफेल विमानांवरून डागायची क्षेपणास्त्रं. तिसरी, दूतावासांचं जाळं, जे जगातल्या पहिल्या पाचांत मोडतं. चौथी गोष्ट नकाशावर पटकन दिसत नाही: सुमारे १ कोटी चौरस किलोमीटरचं सागरी आर्थिक क्षेत्र, अमेरिकेच्या खालोखाल जगात दुसरं. त्यातलं बहुतेक युरोपात नसून प्रशांत आणि हिंदी महासागरात आहे. म्हणजे साम्राज्याचे जे तुकडे सुटले नाहीत, त्यांच्याभोवतीचं पाणी.

परराष्ट्र धोरणाचे निर्णय नेमके कोण घेतं?

राष्ट्राध्यक्ष. राज्यघटनेच्या विसाव्या कलमात देशाचं धोरण सरकार ठरवतं असं लिहिलंय, पण पंधराव्या कलमाने सेनादलांचं प्रमुखपद आणि बावन्नाव्या कलमाने करारांच्या वाटाघाटी राष्ट्राध्यक्षांकडे दिल्या आहेत. द गॉलपासून प्रथा अशी पडली की परराष्ट्र आणि संरक्षण ही एलिझे प्रासादाची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाची, राखीव जहागीर. विरोधी पक्षाचा पंतप्रधान असलेल्या तीन कालखंडांत (१९८६–८८, १९९३–९५, १९९७–२००२) थोडी ओढाताण झाली, पण जहागीर हातातून गेली नाही.

परदेशात सैन्य पाठवण्याची पद्धत पस्तिसाव्या कलमात आहे. आदेश राष्ट्राध्यक्ष देतात. सरकारने तीन दिवसांच्या आत संसदेला कळवायचं. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. मोहीम चार महिन्यांपलीकडे गेली तरच संसदेची परवानगी लागते. मालीचं उदाहरण घ्या. ११ जानेवारी २०१३ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी 'सर्व्हाल' मोहीम जाहीर केली, त्याच दिवशी हेलिकॉप्टरांनी हल्ले सुरू केले. संसदेचं मतदान झालं २२ एप्रिलला, तोवर उत्तर मालीतली शहरं ताब्यात आलेली होती. अशा वेळी नाही कोण म्हणणार?

या पद्धतीचा फायदा वेग. तोटा असा की वाटेत 'थांबा' म्हणणारं कुणी नसतं, आणि एकदा मुदतवाढ मिळाली की पुन्हा पुन्हा संसदेपुढे येण्याची सक्ती नाही. आफ्रिकेतल्या पुढच्या घसरगुंडीचं एक मूळ इथे आहे.

'फ्रान्साफ्रिक' म्हणजे काय?

साम्राज्य गेल्यावरही आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींवर फ्रान्सने पडद्याआडून राखलेली पकड. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले चौदा फ्रेंच प्रदेश स्वतंत्र झाले. झेंडे बदलले, पण त्याच सुमारास बहुतेकांशी करारांची एक चळतही झाली: संरक्षण, चलन, खनिजांवर फ्रान्सला प्राधान्य, मंत्रालयांत फ्रेंच सल्लागार. काही संरक्षण करारांतली कलमं गुप्त होती. हे सगळं सांभाळायला एलिझेत वेगळी आफ्रिका शाखा होती आणि जाक फोकार हा माणूस ती परराष्ट्र मंत्रालयाला बाजूला ठेवून चालवत असे. कोणत्या देशात कोण सत्तेवर राहणार, हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग होता.

नमुना म्हणून गॅबॉन पाहा. १९६४ मध्ये लष्कराने अध्यक्ष लेऑं म्बा यांना पदच्युत केलं. फ्रेंच सैनिक उतरले आणि त्यांना परत खुर्चीवर बसवलं. त्यांच्यानंतर ओमार बोंगो १९६७ ते २००९ अशी बेचाळीस वर्षं सत्तेत राहिले. उलट टोकाला गिनी. १९५८ च्या सार्वमतात गिनीने फ्रेंच समुदायात राहायला नकार दिला, तर फ्रान्सने अधिकारी, तंत्रज्ञ आणि मदत एका झटक्यात काढून घेतली. बाकीच्यांनी काय बोध घ्यायचा तो घेतला.

मितराँपासून मॅक्राँपर्यंत प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने कधी ना कधी 'फ्रान्साफ्रिक संपलं' असं सांगितलेलं आहे. जी गोष्ट इतक्यांदा संपवावी लागते, ती संपलेली नसते हे उघड आहे.

सीएफए फ्रँक हे चलन अजून आहे का? ते चालतं कसं?

आहे. २६ डिसेंबर १९४५ ला सुरू झालं, आज दोन गटांत चालतं. पश्चिम आफ्रिकेतले आठ देश (मध्यवर्ती बँक डाकारला) आणि मध्य आफ्रिकेतले सहा (बँक याउंदेला). चौदांपैकी गिनी-बिसाऊ ही पोर्तुगालची जुनी वसाहत, इक्वेटोरियल गिनी स्पेनची; म्हणजे सगळेच काही फ्रान्सचे नव्हेत.

यंत्रणा समजायला सोपी आहे. एका युरोला ६५५.९५७ सीएफए हा दर बांधलेला. त्याची हमी फ्रेंच सरकारची. त्या बदल्यात मध्यवर्ती बँकांनी आपली परकीय गंगाजळी पॅरिसच्या तिजोरीत ठेवायची: सुरुवातीला सगळी, १९७० च्या दशकात ६५ टक्के, २००५ नंतर ५० टक्के. नोटा शामालियेरच्या छापखान्यात आणि नाणी पेसाकच्या टांकसाळीत बनतात. दोन्ही गावं फ्रान्समध्ये.

याने महागाई आटोक्यात राहते, हे खरंच आहे. शेजारच्या नायजेरिया-घानातल्या किमती पाहिल्या की पटतं. पण युरो वधारला की कापूस आणि कोको विकणाऱ्याचा माल आपोआप महाग होतो, आणि दर हलवणं त्याच्या सरकारच्या हातात नसतं. अवमूल्यन झालं ते एकदाच, जानेवारी १९९४ मध्ये: एका फ्रेंच फ्रँकला ५० सीएफए मिळत होते, ते १०० झाले. आयात औषधं आणि तांदूळ रातोरात दुप्पट महागले. फ्रान्सवरचा राग तिथल्या सामान्य माणसाच्या मनात तेव्हापासून अधिक खोल रुजला.

डिसेंबर २०१९ मध्ये मॅक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष वतारा यांनी सुधारणा जाहीर केली. पश्चिम गटासाठी निम्म्या गंगाजळीची अट गेली, मंडळांवरचे फ्रेंच प्रतिनिधी गेले. दर आणि हमी कायम. 'इको' हे नवं नाव अजून कागदावरच आहे. मध्य आफ्रिकेचा गट जवळपास जुन्याच चौकटीत.

साहेलमधून (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातून) फ्रान्सला बाहेर का पडावं लागलं?

आधी क्रम पाहू. फ्रेंच सैन्य मालीतून ऑगस्ट २०२२, बुर्किना फासोतून फेब्रुवारी २०२३, नायजरमधून डिसेंबर २०२३, चाडमधून जानेवारी २०२५, आयव्हरी कोस्टच्या तळावरून फेब्रुवारी २०२५ आणि सेनेगलमधून जुलै २०२५ मध्ये निघालं. पहिल्या तिघांनी लष्करी उठावांनंतर हाकललं. शेवटच्या दोघांनी सनदशीर, निरोपसमारंभासह मार्ग मोकळा करून घेतला. चाडने संरक्षण करार मोडल्याची घोषणा केली ती २८ नोव्हेंबर २०२४ ला, फ्रेंच परराष्ट्रमंत्री त्यांच्याकडून निघाले त्याच दिवशी. हा टोला मुद्दामच होता.

२०१३ मध्ये मालीची राजधानी बामाकोत फ्रेंच झेंडे विकले जात होते, तिथून इथवर उतरंड कशी झाली, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

एक, शत्रू कोण यावरच एकमत नव्हतं. फ्रान्सची लढाई जिहादी गटांशी. मालीच्या सरकारला तुआरेग फुटीरतावादीही तितकेच नकोसे. २०१३ मध्ये फ्रेंचांनी उत्तर मालीतलं किदाल शहर घेतलं तेव्हा तिथल्या तुआरेग गटाशी जुळवून घेतलं आणि मालीचं सैन्य सुरुवातीला आत येऊ दिलं नाही. बामाकोत अर्थ निघाला: हे देश तोडायला आलेत.

दोन, मोहीम वाढत गेली, उद्दिष्ट मात्र धूसर होत गेलं. 'सर्व्हाल'ची २०१४ मध्ये 'बारखान' झाली, पाच देशांत पसरली, ऐन भरात सुमारे ५,१०० सैनिक. युरोपीय संघाहून मोठ्या वाळवंटी पट्ट्यासाठी हा आकडा काहीच नव्हता. म्होरके मारले जात. गावात न्यायनिवाडा, गुरांच्या चराईचे तंटे, शाळा हे पाहणारं कुणी नसे. ती पोकळी जिहादी गटांनीच भरली.

तीन, ३ जानेवारी २०२१ चा मालीतल्या बाउन्टी गावावरचा हवाई हल्ला. फ्रान्स म्हणालं, मारलेले सगळे सशस्त्र होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत आढळलं की तिथे लग्नाची मंडळी जमली होती. मृत २२, त्यातले १९ नागरिक. फ्रान्सने निष्कर्ष फेटाळला. चूक झाली तर चौकशी करू, एवढंसुद्धा न म्हणणं फार महागात पडलं.

चार, दुटप्पीपणा. मालीतल्या उठावाचा निषेध झाला. एप्रिल २०२१ मध्ये चाडचे इद्रिस देबी मारले गेल्यावर घटना डावलून त्यांच्या मुलाने सत्ता घेतली, तर अंत्यविधीला मॅक्राँ त्याच्या शेजारी हजर. आफ्रिकेतल्या तरुणांच्या फोनवर हा फोटो किती फिरला असेल ते सांगायला नको.

पाच, जून २०२१ मध्ये 'बारखान' गुंडाळण्याची घोषणा झाली ती पॅरिसमधून, मालीशी धड चर्चा न करता. सप्टेंबरमध्ये मालीच्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांत जाहीर तक्रार केली की आम्हाला मध्यावर सोडून दिलं. तोवर रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या कंपनीशी बोलणी सुरू झाली होती.

म्हणजे रशियाने फ्रान्सला हाकललं?

रशियाने रिकामी झालेली जागा घेतली. अपप्रचार भरपूर केला, पण राग आधीच तयार होता. आणि जागा घेऊन सुरक्षा आली का? नाही. २०२५ च्या उत्तरार्धात जिहादी गटाने इंधनाचे टँकर जाळत बामाकोची कोंडी केली, शाळा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

नायजरचं युरेनियम गेलं, मग फ्रान्समध्ये वीजटंचाई का झाली नाही?

कारण 'नायजर फ्रान्सचे दिवे पेटवतो' हे विधान बऱ्याच काळापासून जुनं झालेलं होतं. फ्रान्सची दोन-तृतीयांश वीज अणुऊर्जेची, हे खरं. पण उठावाआधीच्या दशकात नायजरचा वाटा एक-पंचमांशाहून जास्त नव्हता; कझाकस्तान, उझबेकिस्तान, नामिबिया, ऑस्ट्रेलिया हे पुरवठादार होतेच, शिवाय काही वर्षांचा साठा असतो. फटका बसला तो ओरानो या सरकारी मालकीच्या कंपनीला: जून २०२५ मध्ये नायजरने अर्लीतची सोमाइर खाण राष्ट्रीयीकृत केली.

फ्रान्स नाटोत आहे की नाही?

आहे, स्थापनेपासून. १९६६ मध्ये द गॉल संयुक्त लष्करी कमानीतून बाहेर पडले आणि परकीय तळ उठवायला लावले. सदस्यत्व सोडलं नव्हतं. २००९ मध्ये सार्कोझींनी कमानीत पुनःप्रवेश केला. अणुनियोजन गटात मात्र फ्रान्स आजही बसत नाही. अण्वस्त्राचं बटण फक्त राष्ट्राध्यक्षांकडे.

अमेरिकेचा भरवसा डळमळल्यापासून या वेगळ्या चुलीला किंमत आली आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी अणुसमन्वयाची घोषणा झाली. अडचण पैशाची: २०२४–३० साठी लष्करावर ४१३ अब्ज युरोंचा कायदा केलेला आहे, आणि सरकारी कर्ज सकल उत्पन्नाच्या ११० टक्क्यांपलीकडे. डिसेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन पंतप्रधान अर्थसंकल्पाच्या वादांतच पडले.

ऑकसमुळे (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेच्या करारामुळे) फ्रान्स एवढं का चिडलं?

ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये बारा डिझेल-विद्युत पाणबुड्यांसाठी फ्रान्सची निवड केली होती. १५ सप्टेंबर २०२१ ला अमेरिका आणि ब्रिटनबरोबर अणुपाणबुड्यांचा करार जाहीर करून तो सौदा रद्द केला. फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरातले राजदूत परत बोलावले. पुढे ५५.५ कोटी युरो भरपाईवर मिटलं. पैशापेक्षा झोंबलं ते हे की हिंद-प्रशांत क्षेत्रात स्वतःला यजमानांपैकी एक समजणाऱ्या फ्रान्सला मित्रांनी ताकास तूर लागू दिला नाही. त्यानंतर त्या क्षेत्रासाठी दिल्लीचं महत्त्व आणखी वाढलं.

फ्रान्सकडे आजही वसाहती आहेत का?

कायद्याने त्यांना 'सागरपार प्रदेश' म्हणतात. रियुनियन, ग्वादलूप, मार्टिनिक, फ्रेंच गयाना, मायोत हे सरळ फ्रान्सचे जिल्हे आहेत. तिथे युरो चालतो, लोक पॅरिसच्या संसदेसाठी मत देतात. न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत आहेत.

गुंता न्यू कॅलेडोनियात. १९९८ च्या नुमेआ करारानुसार तीन सार्वमतं झाली. २०१८ मध्ये ५६.७ टक्के, २०२० मध्ये ५३.३ टक्के मतं स्वातंत्र्याविरुद्ध. तफावत कमी होत होती. तिसरं सार्वमत कोविडच्या दुखवट्यामुळे पुढे ढकला, अशी मूळ रहिवासी कनाक लोकांची मागणी होती. ती न ऐकता डिसेंबर २०२१ मध्ये मतदान घेतलं. कनाकांनी बहिष्कार टाकला आणि ९६.५ टक्के असा निकाल लागला, ज्याला राजकीय वजन काहीच नाही. मे २०२४ मध्ये मतदारयादी वाढवण्याच्या प्रस्तावावरून दंगली पेटल्या. जुलै २०२५ च्या बुजिवाल करारावर सह्या झाल्या, पण महिन्याभरात स्वातंत्र्यवाद्यांच्या मुख्य आघाडीने तो नाकारला.

अल्जीरियाशी भांडण कशावरून?

वरवर पाहता पश्चिम सहारावरून: जुलै २०२४ मध्ये मॅक्राँ यांनी मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला पाठिंबा दिला आणि अल्जीरियाने राजदूत परत बोलावला. खाली १८३० ते १९६२ चा हिशोब, स्थलांतरितांचा प्रश्न आणि दोन्हीकडचं देशांतर्गत राजकारण आहे. अल्जीरियाने केलेली लेखक बुआलेम सन्साल यांची अटक हे अलीकडचं ठसठसतं प्रकरण. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांची सुटका झाली ती पॅरिसच्या नव्हे, जर्मनीच्या शब्दावर.

पुदुच्चेरीतले काही भारतीय फ्रान्सच्या निवडणुकीत मत कसं देतात?

ते भारतीय वंशाचे फ्रेंच नागरिक आहेत. १ नोव्हेंबर १९५४ ला प्रदेशाचा ताबा भारताकडे आला, कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ ला झालं. त्यानंतर सहा महिन्यांत फ्रेंच नागरिकत्व राखायचा पर्याय होता. ज्यांनी तो घेतला ते आणि त्यांची मुलंबाळं. गोव्यात पोर्तुगालशी जे १९६१ मध्ये झालं, त्याच्याशी तुलना केली तर फ्रान्स इथून शहाणपणाने निघाला असं म्हणावं लागतं. मात्र त्याच नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जीरियात युद्ध सुरू होत होतं. तिथे हे शहाणपण सुचलं नाही.

भारताशी फ्रान्सचं इतकं का जमतं?

दोघांनाही कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, आणि दोघांत सीमेचा तंटा नाही. जानेवारी १९९८ मध्ये सामरिक भागीदारी झाली. मे महिन्यातल्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिका-जपानने निर्बंध घातले, फ्रान्सने घातले नाहीत. ती गोष्ट दिल्ली विसरलेली नाही.

मग खरेदी: २०१६ मध्ये ३६ राफेल, एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६. मुंबईत माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या गेल्या. करार २००५ चा, पहिली 'कलवरी' २०१७ ला नौदलात, सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ ला. उशीर इतका की पाण्याखाली जास्त काळ राहण्यासाठीची हवानिरपेक्ष प्रणाली, जी अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली, ती आता पाणबुडी मोठ्या दुरुस्तीला आली की कापून आत बसवायची आहे.

प्रेमात पडण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं: पाकिस्तानला मिराज विमानं आणि अगोस्ता पाणबुड्या विकणारा देशही फ्रान्सच. शस्त्रनिर्यात हा त्यांचा धंदा आहे, आणि स्वतःच्या सेनेला परवडणाऱ्या दरात विमानं मिळावीत म्हणून तो त्यांना करावाच लागतो.

जैतापूरचं घोडं कुठे अडलंय?

राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात सुमारे ९३८ हेक्टरवर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा प्रस्ताव. २००९ मध्ये सामंजस्य करार, २०१८ मध्ये ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीशी पुढच्या वाटचालीचा करार, एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव. खरेदीचा अंतिम करार नाही.

अडथळे तीन. पहिला, २०१० च्या अणुदायित्व कायद्यातलं सतरावं कलम, ज्याने अपघातानंतर पुरवठादाराकडून वसुली करता येत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा 'शांती' कायदा करून तो जुना कायदाच रद्द केला, त्यामुळे फ्रेंचांची ही तक्रार आता उरू नये. दुसरा, विजेचा दर. याच जातीची फ्लामानव्हीलची अणुभट्टी २००७ मध्ये ३.३ अब्ज युरो अंदाजाने सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली, तोवर खर्च १३ अब्जांपलीकडे गेलेला. या हिशोबाने युनिटचा दर महावितरणला परवडणार कसा, याचं पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तिसरा, स्थानिक विरोध: मासेमारी, आंबा, भूकंपप्रवणता. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिस गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी हा विषय दायित्व कायद्याच्या कलमाने मिटणारा नाही.

भेटीगाठींच्या बातम्यांत नेमकं काय बघायचं?

कागदाची जात बघा. संयुक्त निवेदन म्हणजे इच्छा. सामंजस्य करार म्हणजे बोलणी चालू. आंतरसरकारी करार म्हणजे चौकट. आणि आगाऊ रक्कम दिलेला खरेदी करार म्हणजे खरा व्यवहार. जैतापूर पंधरा वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहे, नौदलाची राफेल चौथ्यावर. किंमत युरोत आहे की रुपयांत, आणि तिच्यात शस्त्रं, सुटे भाग, देखभाल धरली आहे का, तेही पाहावं. २०१६ च्या राफेल वादात निम्मा गोंधळ नुसतं विमान आणि संपूर्ण पॅकेज यांच्या किमती एकमेकींशी ताडल्याने झाला.

२०२७ च्या निवडणुकीनंतर काय बदलू शकतं?

मॅक्राँ यांना लागोपाठ तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. कट्टर उजव्या नेत्या ल पेन यांच्या पक्षाने २०२२ च्या जाहीरनाम्यात नाटोच्या कमानीतून बाहेर पडायची भाषा केली होती. सत्तेत आल्यास युक्रेन आणि युरोपीय संघाबाबत सूर बदलेल. एलिझेत सगळी सूत्रं एकवटलेली असल्याने माणूस बदलला की धोरण झटकन वळतं, मध्ये अडवणारं फारसं काही नाही. पूर्व आफ्रिकेतल्या जिबुतीचा तळ (सुमारे १,५०० सैनिक, करार २०२४ मध्ये नव्याने केलेला), पाणबुड्यांची गस्त आणि भारताला राफेल पोहोचवण्याचं वेळापत्रक मात्र कुणीही आलं तरी तसंच चालू राहील, कारण त्यामागे सह्या झालेले करार आणि आगाऊ घेतलेले पैसे आहेत.